वेशीवर थांबलेली जीप

ह्या अंकाच्या संपादकांचा फोन आला. "जमादार, नक्षलवादावर लिहा. चांगलं थरारक होऊ द्या." मी म्हणालो, "साहेब, अख्ख्या नोकरीत मी गोळ्या झाडल्या त्या फक्त वार्षिक सरावात, आणि त्यातलीही एक शेजाऱ्याच्या टार्गेटला लागली." ते हसले. त्यांना वाटलं, मी विनयानं बोलतोय. विनय वगैरे काही नाही, माझा नेम खरोखरच वाईट होता. पण माझ्या कामात नेमाची गरजच पडली नाही, गरज पडली ती चहा पचवण्याची. आता डॉक्टरांनी चहा बंद केलाय, म्हणजे नोकरी किती इमानदारीनं केली ते समजून घ्या.

मी 'गोपनीय'ला होतो. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक टेबल असतं, त्यालाच नुसतं गोपनीय म्हणतात. हद्दीत कोण नवीन आलं, कुठून मोर्चा निघणार, कोणत्या गावात कुरबूर वाढली, पासपोर्ट मागणारं पोरगं कसं आहे, हे साध्या कपड्यांत फिरून बघायचं आणि साहेबांना सांगायचं. साधे कपडे म्हणजे खाकी पँटीवर चौकड्याचा शर्ट आणि पायात सरकारी बूट. झरीच्या बाजारातलं शेंबडं पोरही मला ओळखायचं. मी लांबून दिसलो की हॉटेलवाला आत ओरडायचा, "गोपनीयवाले आले, कट चहा मार!" अशी आमची गोपनीयता.

माझी शेवटची बरीच वर्षं वणीच्या पुढच्या जंगलपट्ट्यात गेली. ठाण्याचं नाव कशाला सांगू? तिथून नदी ओलांडली की तेलंगण, दुसऱ्या अंगाला चंद्रपूर आणि त्याच्या पलीकडे गडचिरोली. आमच्याकडे बंदूकवाले फारसे आले नाहीत. पण त्यांची भीती मात्र रोजच्या रोज यायची. वरून सूचना यायच्या, की अमुक पोडावर लक्ष ठेवा, तमुक तरुणांची माहिती द्या. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. पंधरा-वीस घरं, मधोमध चावडी, आणि सगळीकडे असं सारवलेलं की पाय ठेवताना आपल्यालाच लाज वाटावी.

मी स्वतः घाटंजीकडच्या तांड्यातला. घरी आम्ही गोरबोली बोलतो, आईला याडी म्हणतो. माझ्या आजोबांच्या काळी तांड्यावर पोलीस आले की पुरुषमाणसं नाल्यात उतरून बसायची. गुन्हा केला म्हणून नाही, नुसती सवय म्हणून. मी भरती झालो तेव्हा याडी म्हणाली होती, "आता तू आलास की आम्ही बसायचं का नाल्यात?" ती हसत बोलली होती, पण ते वाक्य मी विसरलो नाही. त्यामुळे पोलिसाला बघून पळणारा माणूस गुन्हेगारच असतो, असं मला कुणी कितीही शिकवलं तरी माझ्या डोक्यात ते कधी शिरलं नाही.

आता बातमी कशी मिळते ते सांगतो. लोकांना वाटतं खबरी म्हणजे काळा चष्मा. माझा सर्वांत मोठा खबरी होता नामदेव. त्याला सगळे वायरलेस म्हणायचे. दर बाजाराच्या दिवशी संध्याकाळी तो ठाण्यात हजर. "जमादार, आमच्या गावच्या जंगलात मानसं दिसून राह्यली. कुऱ्हाडी हायेत. भाषा आपली नाई." झालं, जीप निघायची. नामदेव रस्ता दाखवायला पुढच्या सीटवर. गावाजवळ पोचलो की माणसं गायब. एकदा खरोखरच सापडली, तर ती परजिल्ह्यातून डिंक गोळा करायला आलेली निघाली. पोलिसांना बघून बिचाऱ्यांनी डिंकाची पोती आमच्या पायावर ओतली.

मी नामदेवच्या बातम्यांचा फार विचार केला. दुश्मनी नाही, लोभ नाही, दारू नाही. मग हा माणूस खोटं बोलतो कायले? एक दिवस लक्षात आलं, की त्याच्या गावाला एसटी नव्हती. बाजारातून डोक्यावर ओझं घेऊन घाट चढण्यापेक्षा पोलिसांच्या जीपमधून घरी जाणं त्याला बरं वाटायचं. मी विचारलं, तर तो लाजला. म्हणाला, "जमादार, मंग काय करू? गुडघे राह्यले नाईत." पुढं त्या गावाला एसटी सुरू झाली आणि आमच्या हद्दीतल्या सशस्त्र टोळ्या एकदम कमी झाल्या. हे मी तेव्हाच्या साहेबांना जसंच्या तसं सांगितलं होतं. त्यांना हसू आवरेना, पण वर कळवताना त्यांनी 'गस्त वाढवल्यामुळे' असं कळवलं.

वणीकडचा एक गडी आठवतो. त्याच्या शेताशेजारून कोळशाचे ट्रक जायचे. फुटलेला कापूस काळा पडायचा आणि बाजारात कुणी त्याला हात लावायचं नाही. वर्षभर अर्ज करून करून तो थकला. एक दिवस भरदुपारी ठाण्यात येऊन टेबलावर थाप मारून म्हणाला, "लिहून घ्या! मी नक्षलवादी व्हऊन राह्यलो!" मी त्याला बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन तो हळूच मला विचारतो, "जमादार, ह्याची भरती कुटी असते हो?" तेव्हा मी हसलो, पण नंतर मला बराच वेळ चैन पडली नाही. सरकारच्या दारात माणूस सांगायला येतो की मी तुमच्याविरुद्ध चाललोय, म्हणजे त्याला खरं तर कुठं जायचंच नसतं. बघावं लागतं ते गप्प बसलेल्या माणसाकडे.

कॉलेजांतून ह्या विषयावर भाषणं होतात. मी ती ऐकली आहेत आणि बोलणारे खोटं बोलत नाहीत. गरिबी आहे, बेकारी आहे, जमिनीचा प्रश्न आहे, दवाखाना लांब आहे. सगळं खरं. पण मोहापोडचे लोक (नाव मी बदललंय) ह्या सगळ्यात कमी सोसलेले नव्हते आणि तरी त्यांच्यातला कुणी जंगलात, बंदूकवाल्यांकडे, गेला नाही. का गेला नाही, ते सांगायला मी हा लेख लिहायला घेतला.

आमच्या ठाण्याला एक तरुण साहेब आले. पश्चिम महाराष्ट्रातले, सडपातळ, शिस्तीचे, पैशाला न शिवणारे. गडचिरोलीत तीन वर्षं काढून आले होते. बोलायचे कमी, आणि रस्त्यात साधी फांदी पडलेली दिसली तरी ड्रायव्हरला थांबायला सांगायचे. आम्ही मागून हसायचो. आमच्याकडे फांदी म्हणजे फांदीच असते.

पेरणीच्या आधीचे दिवस होते. एका सकाळी साहेब म्हणाले, सगळी पोडं बघून येतो. मला आदल्या दिवशी वणीला कामाला पाठवलं होतं, म्हणून मी बरोबर नव्हतो. नेमकी त्याच दिवशी मोहापोडला गावबांधणी होती. पेरणीला लागायच्या आधी कोलाम लोक गाव बांधतात. देवाचं करून शिवेभोवती सूत फिरवतात, वाटेवर काठीला रंगीत कापड बांधतात. रोगराई, वाईट वारा बाहेर राहावा म्हणून. ते चालू असताना बाहेरचा माणूस आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. पाहुणा असो की कलेक्टर. हे पुरं झाल्याशिवाय कुणी तिफण धरत नाही.

साहेबांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या जीपला काय दिसलं? वाटेत काठी आडवी, काठीला लाल कापड, आणि पलीकडे कुऱ्हाडी खांद्यावर घेतलेली पाच-सहा तरणी पोरं. कोलामाच्या खांद्यावर कुऱ्हाड नसेल तर ते आश्चर्य, पण हे त्यांना कोण सांगणार? त्या पोरांतला मारोती आत्राम पुढं आला. वणीच्या कॉलेजात शिकलेला, वनरक्षकाच्या नोकरीसाठी धडपडणारा. जातीच्या पडताळणीसाठी दोन वर्षं चकरा मारत होता, कारण त्याच्या आजोबाच्या जन्माचा कागद कुणाकडेच नव्हता. जंगलात जन्मलेल्या माणसाचा कागद असणार कुठं? तो नम्रपणे म्हणाला, "सायेब, आज गाडी आत नाई येनार. उद्या या."

साहेब काही न बोलता जीप मागे घेऊन परतले. गडचिरोलीत ते असंच शिकले होते, अडवलेल्या वाटेवर पुढं जायचं नाही. ठाण्यात येऊन त्यांनी माणसं गोळा केली, पायी दुसऱ्या बाजूनं पोडात शिरले आणि मारोतीला उचलून आणलं. मारहाण झाली नाही, शिवीगाळ झाली नाही. त्याला ठाण्यातल्या बाकावर बसवलं आणि साहेब वर फोन लावत बसले.

मी दुपारच्या आत वणीहून परत आलो. दारातच मुन्शी हवालदार म्हणाला, "जमादार, मोठी केस लागली. नक्षल समर्थक." मी आत बघितलं तर मारोती. मी त्याला ओळखत होतो. बोलका पोरगा, मी पोडात गेलो की माझ्या पोटावरून चेष्टा करणारा. त्या दिवशी तो गप्प होता. डोळे भिंतीवर. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, चहा मागवला, विचारलं, "काय झालं रे बापू?" त्यानं चहाला हात लावला नाही. एवढंच म्हणाला, "काई नाई जमादार. ज्याले जे समजाचं ते समजू द्या." इतक्या वर्षांत आरडाओरडा करणारे शेकड्यानं पाहिले होते, त्यांची मला कधी भीती वाटली नाही. ह्या पोराचा आवाज मात्र असा होता, जणू तो इथून निघून गेलाय आणि फक्त शरीर बाकावर ठेवलंय.

मी साहेबांकडे गेलो. गावबांधणीचं सांगितलं. ते म्हणाले, "राठोड, तुम्ही इथलेच, तुम्हाला सगळेच चांगले वाटणार. लाल कापड होतं. कुऱ्हाडी होत्या. पोलिसांची गाडी अडवली. हे तिकडं झालं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?" आणि त्यांचंही चूक नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मारोतीचं नाव एकदा वर गेलं असतं तर नोकरी संपली. मग दर आठ दिवसांनी चौकशी, गावात कुजबूज, लग्नाला मुलगी मिळणं कठीण. आणि एवढं सगळं करून आम्ही म्हणणार, बघा, हा पोरगा वाईट मार्गाला लागला.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात बाहेरचा शिपाई धावत आला. "साहेब, मोर्चा आलाय." खिडकीतून बघितलं. मोर्चा वगैरे नव्हता. अख्खं मोहापोड आलं होतं. म्हातारे, बाया, कडेवरची पोरं, एका आजीला तर खाटेवर उचलून आणलेलं. घोषणा नाही, फलक नाही. ठाण्यासमोरच्या कडुनिंबाखाली येऊन ते बसले आणि बसूनच राहिले. दोनशे माणसं घोषणा देतात तेव्हा पोलिसाला काय करायचं ते माहीत असतं. कुणी काहीच बोलत नाही तेव्हा आमची फार पंचाईत होते. साहेबांनी राखीव माणसं बोलवायला फोन उचलला. मी म्हणालो, "साहेब, फोन नंतर करा. आधी मला पाच मिनिटं द्या." त्यांनी फोन खाली ठेवला. त्या पाच मिनिटांसाठी मी त्यांचा आजही आभारी आहे. अधिकारी माणसाला घाबरलेलं असताना थांबणं किती अवघड जातं, ते मी जवळून बघितलंय.

बाहेर पोडाचे नाईक लेतूबा बसले होते. नाईक म्हणजे पोडाचा प्रमुख. अंगात बंडी, डोक्याला पांढरं फडकं, दात जवळजवळ नाहीत. शेजारी मारोतीची आई पोचूबाई, पदर तोंडाला लावून. मी उकिडवा बसलो. "नाईक, कसं येनं केलं?"

लेतूबा म्हणाले, "बंधन तुटलं ना जमादार. आमचा मानूस शिवंभायेर आनला तुमी. आता तो आत येत नाई तवर बांधनी व्हत नाई. बांधनी व्हत नाई तवर पेरनी नाई. मंग घरी बसून काय करता?"

"म्हणजे मारोतीले सोडा असं म्हणता?"

"आमी काहून म्हनू? चौकशी करनं तुमचं काम हाय, करा. खुशाल करा. पन गावात येऊन करा. चावडीत सगळ्याइसमोर इचारा त्याले. तो खोटं बोलला तं आमीच सांगू. मानूस तेवढा गावात पाह्यजे."

मी आत येऊन साहेबांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "पेरणी थांबवणार? एका माणसासाठी?" मी म्हणालो, "हो साहेब." "सगळ्यांची?" "सगळ्यांची." ते उठून खिडकीशी गेले. खाटेवरच्या आजीकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "चला. पण गाडी लांब ठेवू."

त्यांनी लेतूबांना जीपमध्ये बसा म्हटलं, तर लेतूबा म्हणाले, "म्या गाडीत बसलो तं मांगच्याइले काय वाटन?" मग जीप ठाण्यातच राहिली. सगळे चालत निघाले. पुढं लेतूबा आणि मारोती, मधे साहेब, मागे अख्खं पोड, आणि सर्वांत मागे धापा टाकत मी. आजीच्या खाटेला साहेबांनी वाटेत दोनदा खांदा दिला. आमच्या शिपायांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मग त्यांनीही दिला.

शिवेवर साहेबांनी न सांगता बूट काढले. चावडीत त्यांना घोंगडी अंथरून दिली. मारोती समोर उभा राहिला. साहेबांनी विचारायचं ते सगळं विचारलं, लाल कापड कशाचं, कुऱ्हाडी कशाला, बाहेरची कोण माणसं येतात. मारोतीनं तुटक उत्तरं दिली. कुणी मधे बोललं नाही. साहेबांचे प्रश्न संपले तेव्हा लेतूबा म्हणाले, "आता आमी एक इचारू? तुमी येवढे काहून भेले?"

मी मनात म्हणालो, संपलं. पोलीस अधिकाऱ्याला असं कुणी विचारतं का? पण साहेब चिडले नाहीत. घोंगडीच्या दशीशी बोटानं चाळा करत ते म्हणाले, "तिकडं असताना आमच्या वाटेत असंच लाकूड आडवं होतं. मी ड्रायव्हरला मागं फिरू दिलं नाही, पण गाडी पुढं जाईना. एक शिपाई उतरला, मी काढतो म्हणाला. सचिन नाव त्याचं. लाकूड उचललं आणि..." पुढचं ते बोलू शकले नाहीत. चेहरा फिरवून बसले. त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

मग पोचूबाई उठली. जिच्या पोराला आम्ही सकाळी उचलून नेलं होतं, ती. तिनं गडव्यात पाणी आणून साहेबांपुढं ठेवलं आणि म्हणाली, "त्या पोराची माय हाय का, बापा?" साहेबांनी मान हलवली. ती म्हणाली, "तिचं कसं झालं असन!" आणि तिथंच मटकन बसून रडायला लागली, कधी न पाहिलेल्या बाईसाठी.

दुसऱ्या दिवशी गावबांधणी पुन्हा झाली. आम्ही अर्थातच तिथं नव्हतो. नंतर कळलं, की देवापुढं पानांचे द्रोण मांडले तेव्हा लेतूबांनी एक जास्तीचा मांडायला लावला आणि सचिनचं नाव घेतलं. हे मी साहेबांना सांगितलं, तर ते उठून बाहेर गेले आणि ठाण्यामागच्या नळावर बराच वेळ तोंड धूत राहिले. वर त्यांनी काय कळवलं ते मला माहीत नाही. मारोतीला त्यानंतर कुणी बोलावलं नाही, एवढं मात्र मी सांगू शकतो. बदली होऊन जाताना साहेबांनी त्याच्या पडताळणीसाठी दोन-तीन फोनही केले. काही महिन्यांनी ते काम झालं. पोरगा वनरक्षक झाला.

खात्यानं मला ह्या प्रकरणात शाबासकी दिली. 'परिस्थिती कौशल्यानं हाताळली' म्हणून. मी ती घेतली, नाही कशाला म्हणू? पण मी हाताळलं काय? एका झाडाखालून उठलो आणि एका खोलीत गेलो, त्यांचं बोलणं ह्यांना सांगितलं. हाताळलं असेल तर लेतूबांनी, पोचूबाईनं आणि त्या आजीनं, जी खाटेवर पडल्या पडल्या ठाण्यापर्यंत आली.

मी निवृत्त होऊन तांड्यावर आलो. गेल्या वर्षी घाटंजीच्या बाजारात भाजी घेत होतो, तर मागून कुणी पोटाला हात लावला. "जमादार, पेन्शन मानवली वाटते!" वळून बघतो तर मारोती. अंगानं भरलेला, शेजारी बायको, तिच्या कडेवर मुलगी. मुलीचं नाव त्यानं खाटेवरून आलेल्या त्या आजीच्या नावावरून ठेवलं होतं. बायको बांगड्या बघायला गेली आणि आम्ही दोघं हॉटेलात बसलो. त्याच्यासाठी चहा, माझ्यासाठी डॉक्टरच्या नावानं शिव्या.

इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग तो एकदम म्हणाला, "जमादार, तुमाले एक सांगतो. तवा सांगतलं नव्हतं. त्या दिवशी म्या जानार होतो."

"कुठी?"

"जंगलात."

तो खाली बघत सांगायला लागला. वणीला खोली करून राहायचा तेव्हा एक माणूस ओळखीचा झाला होता. चांगला बोलायचा, जेवू घालायचा, पुस्तकं द्यायचा. पडताळणीच्या प्रत्येक चकरेनंतर मारोती त्याच्याकडे जाऊन बसायचा. "तो म्हने, पाय, एक दिवस तुले बी नेतीन. अन् तुह्यासाठी कोनी येनार नाई. तुहं गाव बी नाई येनार, भेलेले असतेत सारे. मंग माह्याकडं ये." मारोतीनं त्याला होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. पण त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या त्याचं ठरलं होतं. सुटलो की घरी जायचं नाही, सरळ वणीला जायचं.

मी नोकरीभर हेच काम केलं. हद्दीत कोण येतो, कोणाशी बोलतो. आणि माझ्या नाकाखाली तो माणूस वर्षभर बसला होता, मला त्याचा वासही आला नव्हता. एवढी मोठी बातमी मला मिळाली ती निवृत्तीनंतर, भाजीच्या पिशवीसकट. सवयीनं मी विचारलं, "नाव काय त्याचं?" मारोती हसला. "जमादार, रिटायर झाले ना तुमी? तो कदीचाच गेला तथून."

मी म्हणालो, "मग गेला काहून नाहीस? आमच्या साहेबांमुळं?"

"सायेब चांगलेच होते. पन ते पुढचं झालं." त्यानं चहा बशीत ओतला. मग म्हणाला, "तुमाले कासूबाई आठोते? आमच्या घरामागची?"

मला आठवली. पोडातली सर्वांत भांडखोर बाई. पोचूबाईशी तिचं कुंपणावरून असं वाजलं होतं, की दोन घरांत वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. आगसुद्धा एकमेकींकडून नेत नसत.

"म्या खिडकीतून पाह्यलं," मारोती म्हणाला. "पोड येऊन बसलं होतं. आई दिसली, नाईक दिसले. म्हन्लं, हे तं येतीनच. मंग पाह्यलं तं आईच्या बाजूले कासूबाई बसली होती. बोलत नव्हती आईशी. तोंड तिकडं करूनच बसली होती. पन आली होती."

त्याची बायको बांगड्या भरून आली, मुलीला त्याच्या मांडीवर ठेवून ती शेजारी बसली. मुलीनं आल्या आल्या त्याच्या बशीत बोट बुडवलं. त्यानं ते पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिले पाह्यलं अन् म्या तुमी मागवलेला तो चहा पेलो, जमादार. गार झालता. पन पेलो."